मुलांवरच्या अत्याचाराची बातमी लिहिताना आधी गल्लीतला वाचक डोळ्यासमोर आणा

रात्री साडेनऊला सिव्हिल हॉस्पिटलच्या पोलीस चौकीत नोंद होते, पावणेदहाला कुणीतरी फोन करतं, साडेदहाला पान सोडायचं असतं. मधल्या पाऊण तासात जे हाताला लागेल ते आपण टाईप करतो आणि पाठवून देतो. सोलापुरात क्राईम बीट आणि मग डेस्क असं धरून बरीच वर्षं मी हेच केलं, त्यामुळे खाली जे लिहितोय ते शहाणपण म्हणून नाही, चुका करून कळलेलं आहे. नवीन पोरं, तालुक्याचे वार्ताहर, पोर्टलवाले, यूट्यूबवाले सगळ्यांसाठी आहे. वाचकांसाठीही शेवटी थोडं आहे.

माझी चूक आधी सांगतो. आठवीतल्या एका मुलीची बातमी होती. नाव नाही, आडनाव नाही, फोटो नाही, सगळं नियमात आहे असं वाटलं. पण पेठेचं नाव होतं, वडील रिक्षा चालवतात हे होतं, आणि आरोपी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हेही होतं. तिसऱ्या दिवशी तिची आजी ऑफिसात आली. भांडली वगैरे नाही. पिशवीतून पेपरची घडी काढली, बातमीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नाव नाही घातलं तुम्ही साहेब, खरं काल किराणावाल्यानं उधारी मागितली नाही. एरवी रोज ओरडतो."

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती मुलगी कोण हे कधीच कळणार नव्हतं, पण पुण्या-मुंबईचा वाचक तिला उद्या नळावर भेटणार नाही ना. जो भेटणार आहे, त्याच्यासाठी आम्ही नकाशाच छापला होता.

लिहायला बसायच्या आधी

पहिला प्रश्न, पोलिसांना हे माहीत आहे का? बऱ्याचदा शिक्षक, अंगणवाडीताई किंवा नातेवाईक पोलिसांच्या आधी पत्रकाराकडे येतात, कारण ठाण्यात जायची भीती वाटते. अशा वेळी एक्सक्लुझिव्ह म्हणून दोन दिवस दाबून ठेवायची सोय कायद्यात नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १९ कुणालाही लागू होतं, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवायचंच. कलम २० मध्ये तर माध्यमांचा वेगळा उल्लेख आहे, मुलांचं शोषण दाखवणारं काही साहित्य हाती आलं तर ते कळवायचं. नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. चांगल्या हेतूने कळवलं म्हणून तुमच्यावर काही होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय. पोलिसांशिवाय १०९८, म्हणजे चाईल्डलाईन ही मुलांची हेल्पलाईन, आहेच. चाईल्डलाईन १९९६ ला मुंबईत सुरू झाली, आता सरकारच्या ११२ शी जोडलेली आहे.

दुसरा प्रश्न पोलिसांना विचारायचा, बालकल्याण समितीला, म्हणजे अडचणीतल्या मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवलं का? कलम १९ प्रमाणेच त्यांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. हा प्रश्न बीटवर फार कमी जण विचारतात. खरं म्हणजे यातून जी बातमी निघते ती मुलीच्या वयाच्या आणि इयत्तेच्या तपशिलापेक्षा कितीतरी मोठी असते, कारण ती यंत्रणेची बातमी असते.

कायदा थोडक्यात, पण नीट

तीन कलमं मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. पोक्सो २०१२ चं कलम २३: मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार किंवा ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. विशेष न्यायालयाने मुलाच्या हितासाठी लेखी परवानगी दिली तरच. शिक्षा ६ महिने ते १ वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि बातमीदाराच्या चुकीला प्रकाशक आणि मालकही जबाबदार, त्यामुळे संपादक जेव्हा म्हणतात की अजून थोडा तपशील घे रे, तेव्हा त्यांना हे कलम प्रेमाने दाखवायचं.

दुसरं, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४. हे जास्त रुंद आहे. यात पीडित मूल आलं, साक्षीदार मूल आलं, ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते मूल आलं आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूलही आलं. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिसरं, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, जे १ जुलै २०२४ च्या आधी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम २२८-अ होतं.

कागदावरचे कायदे म्हणून सोडून देऊ नका. जम्मूतल्या कठुआच्या अत्याचार-खून प्रकरणात मुलीचं नाव-फोटो दिल्याबद्दल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठमोठ्या माध्यमांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की आडवळणानेसुद्धा ओळख पटेल असं काही छापायचं नाही, मुलगी वारली असली तरी नाही. आपल्याकडे अजूनही बरेच जण समजतात की मृत्यू झाला की नाव चालतं. नाही चालत.

चाळणी

माझी पद्धत सोपी आहे. बातमीतल्या प्रत्येक तपशिलाला विचारायचं, हे वर्णन त्या भागात किती घरांना लागू होतं? "यंत्रमाग कामगाराची मुलगी" हे पूर्व भागात हजारो घरांना लागू होतं. "यंत्रमाग कामगाराची मुलगी, वसतिगृहात राहते, मोठी बहीण नर्सिंगला" म्हटलं की एकच घर उरतं. म्हणजे एकेकटा तपशील निरुपद्रवी असतो, दोन-तीन जोडले की गठ्ठा होतो आणि गठ्ठा ओळखता येतो.

एक बनवलेली बातमी घेऊ, आपल्याकडे नेहमी येते तशी:

"जुळे सोलापूर परिसरातील एका अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या व सहावीत शिकणाऱ्या ११ वर्षीय चिमुकलीवर सख्ख्या काकानेच अत्याचार केल्याची नात्याला काळिमा फासणारी घटना मंगळवारी सायंकाळी उघडकीस आली. पीडितेची आई बँकेत नोकरीस असून वडील परगावी असतात. नराधम काकास पोलिसांनी बेड्या ठोकल्या आहेत."

आता कात्री लावा. जुळे सोलापूर गेलं, अपार्टमेंट गेलं, सहावी गेली, आईची बँक आणि वडिलांचं परगाव तर आधी गेलं, त्याचा गुन्ह्याशी संबंधच काय? ११ वर्षांच्या जागी "१२ वर्षांखालील" लिहा, कारण पोक्सोत १२ च्या खाली गुन्हा जास्त गंभीर धरला जातो, म्हणजे अर्थ राहतो आणि ओळख जाते. मंगळवार सायंकाळ गेली, कारण त्या संध्याकाळी पोलिसांची गाडी कुठे उभी होती हे अख्ख्या कॉलनीने पाहिलेलं असतं. उरतं ते असं:

"सोलापूर शहरात १२ वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याच्या फिर्यादीवरून तिच्या ओळखीच्या व्यक्तीवर पोक्सो कायद्यान्वये गुन्हा दाखल झाला आहे. आरोपीला अटक करण्यात आली असून बालकल्याण समितीला माहिती दिल्याचे पोलिसांनी सांगितले."

डेस्कवरचा माणूस म्हणेल यात मजा नाही राव. नसू दे.

ग्रामीण भागात चाळणी अजून बारीक लागते. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाचं नाव दिलं तर बाकी काही नाही दिलं तरी चालतंय, सगळ्यांना कळलंच. करमाळा, सांगोला, मंगळवेढा, कुठलंही असो, तालुक्यावर थांबा, आणि प्रकरण फार गाजलं असेल तर जिल्ह्यावर.

आणि आता सगळ्यात अवघड भाग, आरोपी नात्यातला असतो तेव्हा. एका पेपरने आरोपीचं नाव दिलं आणि नातं लपवलं, दुसऱ्याने नातं दिलं आणि नाव लपवलं. दोघेही आपापल्या जागी बरोबर, पण चहाच्या टपरीवर दोन्ही पेपर शेजारी पडलेले असतात आणि दोन तुकडे जुळवायला दोन मिनिटं पुरतात. यावर उपाय एकट्याचा नाही, बीटवरच्या सगळ्यांनी मिळून करायचा. आमच्या बीटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही शेवटी ठरवलं होतं, आरोपी घरातला किंवा नात्यातला असेल तर त्याचं नाव कुणीच द्यायचं नाही. सगळ्यांनी पाळलं असं नाही, एक-दोन जण फुटायचेच, पण बऱ्यापैकी चाललं.

शब्द

मराठी पेपरांची या विषयातली एक ठरलेली शब्दांची पेटी आहे: चिमुकली, नराधम, वासनांध, काळिमा, अतिप्रसंग. पेटी बंद करा. "नराधम" मध्ये मला अडचण ही वाटते की वाचक मग राक्षस शोधत बसतो, आणि अत्याचार करणारा बहुतेक वेळा रोज घरी येणारा, मुलांना चॉकलेट देणारा, अगदी भला वाटणारा माणूस असतो. "अतिप्रसंग" आणि "छेडछाड" उलट बाजूने चुकतात, गुन्हा छोटा करतात. कलम कुठलं लागलंय ते बघा आणि साध्या मराठीत सांगा. "चाईल्ड पॉर्न" हा शब्द सर्वोच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०२४ मध्ये वापरू नका म्हणून सांगितलंय, कारण त्यात मुलाची संमती असल्यासारखं वाटतं. मुलांच्या लैंगिक शोषणाचे व्हिडिओ किंवा फोटो असं सरळ लिहा, लांब झालं तर होऊ द्या. आरोपी अल्पवयीन असेल तर "बालगुन्हेगार" नको. प्रेस नोटमध्ये "विधिसंघर्षग्रस्त बालक" येतं, ते कुणाला कळत नाही, "अल्पवयीन मुलगा" पुरे.

आणि मुलगे. आपल्या बातम्या वाचल्या तर वाटेल हे फक्त मुलींबरोबर होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अभ्यास केला होता, महाराष्ट्र त्यात होता. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं आणि त्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. मुलाची तक्रार आली तर ती "विचित्र घटना" म्हणून आतल्या पानावर टाकायची सवय सोडा.

हा विषय मराठी पेपरांना नवा नाही हेही जाता जाता सांगतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून केसरी आणि सुधारक किती भांडले ते शाळेत वाचलं असेल. शरीरसंबंधांसाठी मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं होतं. टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून, आणि आगरकर कायद्याच्या बाजूने होते. त्या वादामागे कलकत्त्याची एक मेलेली लहान मुलगी होती आणि तिचं नाव तेव्हापासून पुस्तकांत छापलं जातंय. मी इथे लिहीत नाही, सवय म्हणून.

फोटो आणि व्हिडिओ

चेहरा ब्लर केला की झालं असं नसतं. युनिफॉर्मचा रंग, दाराचा रंग, आईची साडी, मागचा बोर्ड, गल्लीचा आवाज. पाठमोरा फोटोसुद्धा शेजारणीला पुरतो. घराचं शूटिंग अजिबात नको.

तीन ठिकाणी आपण हमखास फसतो. पहिलं, बेपत्ता मुलं. सतरा वर्षांची मुलगी हरवली की अपहरणाचा गुन्हा दाखल होतो (पूर्वीचं ३६३, आता न्याय संहितेचं १३७), पोलीस फोटो देतात, आपण छापतो, तेव्हा ते बरोबरच असतं कारण मूल सापडायला हवं. आठ दिवसांनी ती एखाद्या मुलाबरोबर सापडते, गुन्ह्यात पोक्सोचं कलम वाढतं, आणि आपण बातमी लिहितो "ती बेपत्ता मुलगी सापडली". झाली ओळख. म्हणून मूल सापडलं की त्या क्षणी जुना फोटो पोर्टलवरून, फेसबुकवरून काढायचा आणि नव्या बातमीला जुन्या बातमीची लिंक द्यायची नाही.

दुसरं, बालविवाह रोखल्याच्या बातम्या. आपल्या जिल्ह्यात या नेहमीच्या, आणि फोटोत हळद लागलेली मुलगी, शेजारी आई-वडील, मागे ग्रामसेवक आणि पोलीस असे सगळे उभे. जिचं लग्न लावायचा धोका आहे ती मुलगी बाल न्याय कायद्यात काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल धरली जाते, म्हणजे कलम ७४ लागू. साहेबांचा एकट्याचा फोटो छापा की, कोण नको म्हणतंय.

तिसरं ऐकून तुम्ही हसाल. दिवाळीत बालगृहातल्या मुलांना फराळवाटप आणि भाऊंच्या वाढदिवसाला वह्यावाटप. रांगेत उभी मुलं, चेहरे स्पष्ट, संस्थेचं नाव कॅप्शनमध्ये. ती मुलंही त्याच कायद्याखाली येतात. वह्यांचा फोटो छापा.

मुलाशी बोलायचं का?

नाही. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब पोलिसांनी त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात न येता घ्यायचा असतो. खाकी बघून मूल घाबरेल म्हणून कायदा एवढी काळजी घेतो आणि आपण तोंडासमोर चॅनेलचा माईक धरतो. आई-वडील स्वतःहून बोलत असतील तरी त्या दिवशीचं बोलणं रागातलं असतं, त्यात ते स्वतःच ओळख सांगून टाकतात. ऐकून घ्या, लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी परत विचारा यातलं काय छापू. मी विचारायला लागल्यापासून अर्ध्याहून जास्त लोकांनी काही ना काही काढायला सांगितलंय.

हेळसांड: जी बातमी कधीच होत नाही

अत्याचाराच्या बातमीला तारीख असते, एफआयआर असते. हेळसांडीला काहीच नसतं. विडी वळणारी आई दिवसभर सुपावर वाकलेली आणि तिच्या शेजारी सात वर्षांची पोरगी दोऱ्याने विड्या बांधतीय, ही घटना नाही, रोजचं आहे. ऊसतोडीला फडात आलेली पोरं, चार-पाच महिने शाळा नाही, बैलगाडीखाली झोपलेलं तान्हं. स्टेशनवर, म्हणजे मुंबई-चेन्नई लाईनवर उतरलेली पळून आलेली पोरं.

इथे "निष्काळजी पालक" असं लिहून मोकळं होणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खोटं. कोण कुठे कमी पडलं ते वरपर्यंत शोधायचं: कारखान्याच्या हद्दीत पोरांसाठी काही सोय आहे का, अंगणवाडीत त्या पोरांची नोंद आहे का, बालगृहात जागा किती आणि मुलं किती. माहिती अधिकारात अर्ज टाका, महिनाभर लागतो, लागू दे, ही काही साडेदहाच्या पानाची बातमी नाही.

नवजात बाळ सापडलं की "निर्दयी माता" हे हेडिंग तर कंपोज करून ठेवल्यासारखं येतं. बाप कुठे गेला हे एकदा तरी विचारा. पंढरपुरात प्रार्थना समाजाने सोडून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला तो १८७५ मध्ये, म्हणजे हा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही आपल्या जिल्ह्यात दीडशे वर्षं जुनं आहे. आजच्या कायद्यात मूल सांभाळणं शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीसमोर रीतसर सोपवता येतं, आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात. हे दोन ओळीत बातमीखाली छापलं तर पुढचं बाळ कदाचित काटेरी झुडपात सापडणार नाही. "निर्दयी" छापून फक्त ती बाई अजून लपते.

पुढे काय झालं

गुन्हा दाखल झाला की चार कॉलम, निकाल लागला की सिंगल कॉलम, आणि निर्दोष सुटला तर काहीच नाही, असं आपलं चालतं. पोक्सोत दखल घेतल्यापासून शक्य तोवर वर्षभरात खटला संपवायचा असं कलम ३५ म्हणतं. डायरीत तारीख टाका आणि वर्षाने सरकारी वकिलांना विचारा. सुनावणी बंद दाराआड असते, कलम ३७, तेव्हा साक्षीत मूल काय म्हणालं हे बाहेर शिपायाला विचारून लिहायचं नसतं. पण विचारण्यासारखं भरपूर आहे. खटला का रखडला? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा, म्हणजे पीडितांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज गेला का, पैसे मिळाले का? मुलगी शाळेत परत गेली का? शेवटचं विचारायचं, छापायचं मात्र जपून. निकालपत्रात नाव दिसलं तरी आपण उचलायचं नाही.

चूक झालीच तर

छापील अंक परत आणता येत नाही, पण ई-पेपरचं पान काढता येतं, पोर्टलची बातमी दुरुस्त करता येते, यूट्यूबचा व्हिडिओ खाली घेता येतो. लगेच करा, उद्या मीटिंगमध्ये बघू नको. कमेंट बंद ठेवा, कारण तुम्ही लपवलेलं नाव पहिल्या दहा कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच. आणि खुलासा छापताना चूक परत सांगू नका, मी एकदा "काल अमुक पेठेचा उल्लेख अनवधानाने झाला" असं छापलं होतं, म्हणजे ज्यांनी काल वाचलं नव्हतं त्यांनाही कळलं.

वाचकांसाठी: तुमच्या ओळखीच्या मुलाबद्दल असं काही छापून आलं तर कात्रण आणि स्क्रीनशॉट ठेवा, पण फिरवू नका. आधी संपादकाला लेखी कळवा, त्याची पोच ठेवा. दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून २ महिन्यांच्या आत. ओळख उघड करणं हा गुन्हाच असल्यामुळे पोलिसांत थेट जाता येतं, बालकल्याण समितीलाही सांगता येतं.

राहिली १०९८ ची ओळ. प्रत्येक बातमीखाली चौकटीत टाका असं सगळे सांगतात, पण ऐनवेळी जाहिरात आली की पानावरून पहिली तीच चौकट उडते, हे डेस्कवर बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणून मी चौकट करायचं सोडलं आणि तो नंबर बातमीच्या दुसऱ्याच वाक्यात घालायला लागलो. तिथून काढायचा तर वाक्य परत लिहावं लागतं, आणि रात्री साडेदहाला तेवढा वेळ कुणाकडे नसतो.